दुरुस्ती झाली, तरी ॲप बंदच का? एका छोट्या आकड्याची मोठी गोष्ट

२० ऑक्टोबर २०२५. नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान, फराळ सगळं आटोपून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मावसभावाचा फोन. "दादा, माझं स्नॅपचॅट चालेना. अकाउंट हॅक झालं का रे?" मी सांगितलं की तुझं काही बिघडलेलं नाही, अमेरिकेत ॲमेझॉनच्या सर्व्हरचा घोळ झालाय, थांब थोडा वेळ. साडेतीनला परत फोन. "अरे, बातमीत तर म्हणतात मूळ बिघाड दुरुस्त झाला. माझं अजून नाही झालं! मी ॲप काढून परत टाकलं, आता लॉगिनसुद्धा होईना."

त्याचा प्रश्न एकदम बरोबर होता. दुरुस्ती झाली असेल तर ती माझ्या फोनपर्यंत का पोचली नाही? मधे कोण अडवून बसलंय?

याचं पूर्ण उत्तर एका ओळीत मावत नाही. पण त्यातला एक मोठा भाग एका आकड्यात आहे. "हा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा?" एवढंच तो आकडा सांगतो. इंटरनेटवर हा आकडा हजारो ठिकाणी लिहिलेला असतो. काही ठिकाणी विचार करून, काही ठिकाणी कोणीतरी कधीतरी टाकून विसरलेला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला याच आकड्याने मला एक रात्र चांगलीच रडवली होती. त्याकडे येतोच. आधी त्या दिवशी नेमकं काय झालं ते बघू.

त्या दिवशी काय झालं?

ॲमेझॉनची क्लाउड सेवा म्हणजे एडब्ल्यूएस. जगभरातली असंख्य ॲप्स स्वतःचे सर्व्हर विकत घेत नाहीत, एडब्ल्यूएसकडून भाड्याने घेतात. त्यांचं सगळ्यात जुनं आणि प्रचंड वापराचं केंद्र अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियात आहे. त्याचं नाव यूएस-ईस्ट-१.

तिथे डायनॅमोडीबी नावाचा डेटाबेस आहे. बाहेरची ॲप्स तर तो वापरतातच, पण एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या बऱ्याच सेवाही त्याच्यावर उभ्या आहेत. आपल्याकडे दुपारचे १२ वाजून १८ मिनिटं झाली होती, तेव्हा या डेटाबेसचा पत्ताच हरवला.

डेटाबेस जागेवर होता, बरं का. मशीन चालू होत्या. फक्त "डायनॅमोडीबी कुठे राहतो?" असं विचारलं की उत्तर रिकामं येत होतं.

कारण ॲमेझॉनने नंतर सविस्तर सांगितलं. या डेटाबेसच्या मागे खूप मशीन असतात आणि त्यांचे पत्ते सतत बदलत असतात. ते बदल माणूस करत नाही, एक स्वयंचलित यंत्रणा करते. तिचा एक भाग पत्त्यांची नवी यादी बनवतो. दुसरा भाग ती यादी लागू करतो. लागू करणारे तीन जण आहेत, तिघंही एकमेकांना न विचारता काम करतात, म्हणजे एक पडला तरी बाकीचे चालू राहतील. त्या दिवशी त्यातला एक जण फारच हळू चालत होता. तो जुनी यादी हातात घेऊन रेंगाळत असताना दुसऱ्याने नवी यादी लागू केली. मग हळू चालणाऱ्याने तिच्यावर आपली जुनी यादी चढवली. आणि तेवढ्यात दुसऱ्याने साफसफाई सुरू केली, "ही यादी फार जुनी आहे, टाका काढून" म्हणत जी लागू होती तीच यादी पुसली. पत्त्याची नोंद रिकामी झाली. यंत्रणा अशी अडकली की शेवटी माणसांना हाताने दुरुस्ती करावी लागली.

आपल्या वेळेनुसार १ वाजून ८ मिनिटांनी इंजिनिअरांना कळलं की गडबड पत्त्याची आहे. २ वाजून ५५ मिनिटांनी सगळे पत्ते परत बसवले. आणि ॲमेझॉनच्याच म्हणण्यानुसार, ग्राहकांना डेटाबेस प्रत्यक्ष सापडायला लागला तो २.५५ ते ३.१० या पंधरा मिनिटांत, जसजशी लोकांनी साठवलेली जुनी उत्तरं बाद होत गेली तसतसा.

हे शेवटचं वाक्य परत एकदा वाचा. दुरुस्ती २.५५ ला पूर्ण झाली. पण कोणाला २.५६ ला सापडला, कोणाला ३.१० ला. हा फरक त्या आकड्याचा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. भावाचं स्नॅपचॅट साडेतीनलाही बंद होतं, ते फक्त या पंधरा मिनिटांमुळे नाही. डेटाबेस परत आला तरी जवळपास तीन तासांत साचलेल्या कामाच्या ढिगाखाली बाकीच्या सेवा दबल्या होत्या. नवीन सर्व्हर चालू करायची सेवा आपल्याकडे रात्रीचे २ वाजून २० मिनिटं होईपर्यंत पूर्ण ताळ्यावर आली नव्हती. पण त्या ढिगाची सुरुवात झाली ती एका हरवलेल्या पत्त्याने.

पत्ता म्हणजे काय, आणि तो लक्षात कोण ठेवतं?

मशीनला नाव कळत नाही, आकडे कळतात. तुम्ही ॲप उघडता तेव्हा फोन आधी विचारतो, या नावाचा आकडी पत्ता काय? हे सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली. त्याआधी सगळ्या इंटरनेटच्या नावांची एकच फाइल असायची आणि जो तो ती उतरवून घ्यायचा. नेटवर्क वाढलं तशी ती पद्धत कोलमडली.

डीएनएस म्हणजे थोडक्यात फोनमधले कॉन्टॅक्ट्स. पण एक मोठा फरक आहे. तुम्ही मामाचा नंबर एकदा सेव्ह केला की तो कायमचा. मामाने सिम बदललं तरी तुम्ही जुन्याच नंबरवर फोन लावत बसता. डीएनएसमध्ये प्रत्येक नंबरासोबत एक मुदत येते: "हा नंबर ६० सेकंद खरा मान, त्यानंतर मला परत विचार." या मुदतीला टीटीएल म्हणतात. आणि तेवढा वेळ उत्तर साठवून ठेवणं म्हणजे कॅश. पैशातली कॅश नव्हे हं, स्पेलिंग वेगळं आहे.

साठवायचं कशाला? कारण दर वेळी विचारायला वेळ लागतो. आणि प्रत्येक फोनने प्रत्येक क्लिकला विचारायचं ठरवलं तर सांगणाऱ्याचं कंबरडं मोडेल. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, आठवत असेल. त्यांचे डीएनएस सर्व्हरच इंटरनेटवरून गायब झाले होते. साठवायला उत्तरच मिळेना, म्हणून सगळे फोन आणि ॲप्स परत परत विचारत सुटले. डीएनएस सेवा चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने तेव्हा सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या या चौकशा नेहमीच्या तीसपट झाल्या. कॅश नसेल तर काय होतं, त्याची ती झलक.

आता गंमत अशी की उत्तर एकाच ठिकाणी साठत नाही. तुमचा ब्राउझर साठवतो. फोनची सिस्टीम साठवते. घरचा वायफाय राउटर साठवू शकतो. जिओ, एअरटेलसारखी कंपनी साठवते. आणि तिकडे, ॲपच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्रामसुद्धा दुसऱ्या सर्व्हरचे पत्ते साठवतो. यातला एक जरी जुनं उत्तर धरून बसला, तरी पुढच्या सगळ्यांना तेच जुनं उत्तर मिळतं.

साखळीतला हा शेवटचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. तोच मला महागात पडला होता.

माझी रात्र

नोकरीचं पहिलंच वर्ष. आमच्या तेव्हाच्या कंपनीकडे परीक्षेचे फॉर्म भरायच्या एका पोर्टलचं काम होतं. फॉर्मची शेवटची तारीख, मुदत रात्री बाराची. संध्याकाळपासून डेटाबेसचं मशीन धापा टाकत होतं. म्हणून रात्री दहाला ठरलं, दुसऱ्या मोठ्या मशीनवर हलवू. डेटा आधीपासून तिकडे कॉपी होतच होता. फक्त डीएनएसमध्ये पत्ता बदलायचा. टीटीएल ६० सेकंद. म्हणजे एका मिनिटात सगळे नव्या पत्त्यावर. सिनिअर म्हणाला, "चहा येईपर्यंत होईल."

चहा आला. जुनं मशीन बंद केलं. आणि तक्रारी सुरू झाल्या.

विचित्र म्हणजे सगळ्यांचं बंद नव्हतं. साधारण तिघांतल्या एकाचा फॉर्म जात होता, दोघांना "पुन्हा प्रयत्न करा" दिसत होतं. पाच-सहा वेळा बटण दाबलं की कधीतरी लागायचं. हेल्पलाइनवर मुलं सांगत होती, "सर, सायबर कॅफेवाला दुकान बंद करतोय." एका मुलीचे वडील म्हणाले, तालुक्याला आलोय, शेवटची एसटी साडेअकराची आहे.

आम्ही त्याच सर्व्हरवर जाऊन हाताने पत्ता विचारला. उत्तर बरोबर! नवा पत्ता. म्हणजे डीएनएस बरोबर, मशीनची सिस्टीम बरोबर. तरी त्या मशीनवर चालणारा आमचा जावा प्रोग्राम जुन्याच, बंद पडलेल्या मशीनचं दार ठोठावत होता. तासभर आम्ही नेटवर्क, फायरवॉल, पासवर्ड सगळं तपासलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तीन सर्व्हरपैकी जो नीट चालतोय, तो पत्ता बदलल्यानंतर पाचच मिनिटांनी भलत्याच कारणासाठी रीस्टार्ट केला होता. बाकीच्या दोघांनाही रीस्टार्ट केलं. अकरा चाळीसला सगळं सुरळीत.

मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाढवून मिळाली. पण साडेअकराच्या एसटीने परत गेलेले सगळे दुसऱ्या दिवशी परत आले का, हे मला आजही माहीत नाही.

जावा पत्ता सोडायला तयार का नव्हतं?

दुसऱ्या दिवशी मी मुळापर्यंत गेलो. जावा ही फक्त भाषा नाही. तिचे प्रोग्राम ज्यावर चालतात तो स्वतंत्र प्लॅटफॉर्मही आहे, आणि त्याची पत्ते साठवायची स्वतःची वही असते. तो डीएनएसने दिलेली मुदत वाचतच नाही! तुमचा टीटीएल ६० असो की ६००, जावा स्वतःच्या घड्याळावर चालतं. ते घड्याळ असं आहे:

- सापडलेला पत्ता: साधारणपणे ३० सेकंद.
- "असं नावच नाही" हे उत्तर: १० सेकंद. हो, नकारसुद्धा साठवला जातो.
- स्वतःच्याच मशीनचा पत्ता: ओपनजेडीके या मुख्य आवृत्तीत अवघे ५ सेकंद. लॅपटॉप वायफायवरून हॉटस्पॉटवर गेला की तो बदलतो, म्हणून.
- आणि सिक्युरिटी मॅनेजर नावाची जुनी सुरक्षा चालू असेल तर सापडलेला पत्ता: कायमचा. प्रोग्राम बंद होईपर्यंत.

आमच्याकडे जावा ८ होतं आणि कोणीतरी कधीतरी ती सुरक्षा चालू करून ठेवलेली. त्यामुळे "कायमचा".

पण त्याहून टोचणारी गोष्ट वेगळीच निघाली. कोणीतरी हे आधीच ओळखलं होतं! प्रोग्राम सुरू करायच्या कमांडमध्ये "नेटवर्कॲड्रेस डॉट कॅश डॉट टीटीएल बरोबर ६०" अशी ओळ चक्क लिहिलेली होती. फक्त ती चुकीच्या जागी होती. ही सेटिंग जावाच्या सुरक्षेच्या फाइलमध्ये लिहावी लागते, किंवा प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, पहिला पत्ता शोधायच्या आधी, कोडमधून द्यावी लागते. कमांडमध्ये लिहिली तर आमचं जावा ती वाचतच नव्हतं. कमांडमधून द्यायची वेगळ्या नावाची एक सेटिंग होती, पण ती कोणाला माहीत नव्हती. आणि चुकीच्या ओळीबद्दल ना एरर, ना वॉर्निंग. वर्षभर सगळे समजत होते की घड्याळ साठ सेकंदांचं आहे. ते लावलेलंच नव्हतं.

"कायमचा" हा वेडेपणा होता का?

मला आधी तसंच वाटलं. पण नाही, त्यामागे कारण होतं.

१९९० च्या दशकात जावाचे छोटे प्रोग्राम वेबपेजसोबत तुमच्या ब्राउझरमध्ये येऊन चालायचे. त्यांना ॲपलेट म्हणत. अनोळखी माणसाचा प्रोग्राम तुमच्या संगणकात! म्हणून नियम होता की ॲपलेट ज्या सर्व्हरवरून आला, फक्त त्याच सर्व्हरशी बोलेल. १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की हा नियम डीएनएसच्या मदतीने चुकवता येतो.

युक्ती समजायला सोपी आहे. समजा एक भामटा स्वतःची साइट चालवतो. तुम्ही पहिल्यांदा पत्ता विचारता, तेव्हा तो खरा पत्ता देतो आणि सांगतो, "एक सेकंदच लक्षात ठेव." ॲपलेट तुमच्याकडे येतो. सेकंद संपतो, प्रोग्राम परत पत्ता विचारतो. आता भामटा सांगतो, "माझा पत्ता १९२.१६८.१.१." हा कोणाचा पत्ता? बऱ्याच घरांमध्ये तुमच्या स्वतःच्या राउटरचा! नाव तेच आहे, म्हणून सुरक्षा म्हणते जाऊ दे. आणि बाहेरचा प्रोग्राम तुमच्या घरातल्या नेटवर्कमध्ये फिरायला लागतो.

यावर एक सरळ उपाय म्हणजे पहिला पत्ता कायमचा धरायचा. परत विचारायचंच नाही, तर फसवणार कसं? तो "कायमचा" तिथून आला.

ॲपलेट गेले, पण त्यांच्या काळातला नियम सर्व्हरवर वर्षानुवर्षं राहिला. जावा १७ मध्ये, २०२१ साली, सिक्युरिटी मॅनेजर बाद होणार अशी घोषणा झाली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंद केला. म्हणजे नव्या जावावर आमच्यासारखी रात्र येणार नाही. पण जावा ८ आणि ११ वर चालणारी पोर्टल्स आजही भरपूर आहेत.

मग आकडा छोटाच ठेवायचा ना?

इथे खरा वाद आहे. एडब्ल्यूएसचं स्वतःचं मार्गदर्शन जावा वापरणाऱ्यांना सांगतं की साठवण थोडा वेळच ठेवा. पूर्वी ते ६० सेकंद म्हणत, आता ५ सेकंद म्हणतात. त्यांच्या बाजूने बरोबर आहे. त्यांचे पत्ते सतत बदलतात, तुम्ही जुना धरून बसलात की नुकसान तुमचंच.

मोठ्या आकड्याने काय होतं, याचं उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ चं. ऑफिसमध्ये वापरतात ते स्लॅक. ते त्यांच्या डीएनएसला सुरक्षेची सही जोडत होते. अडचण आली म्हणून त्यांनी बदल मागे घेतला. पण "या साइटच्या उत्तरांवर सही असायलाच हवी" ही नोंद जगभरच्या डीएनएस सर्व्हरांनी २४ तासांसाठी साठवून ठेवली होती. स्लॅकने सही काढली आणि सर्व्हर म्हणू लागले, "सही कुठाय? हे उत्तर खोटं आहे." फटका बसलेले लोक एक टक्क्यापेक्षा कमी होते, पण जे अडकले ते चांगलेच अडकले. स्लॅकला मोठमोठ्या कंपन्यांना विनंती करावी लागली की कृपा करून तुमची साठवण पुसा. चूक काही मिनिटांत मागे घेता येते, पण साठवलेली चूक मुदत संपेपर्यंत जात नाही.

आता याच्या उलट २० ऑक्टोबर बघा. तिथे जुना पत्ता चुकीचा नव्हता, नोंदच पुसली गेली होती. अशा वेळी पाच सेकंदांत विसरणारा लगेच उघड्यावर पडतो. ज्याच्या वहीत आधीचा चालू पत्ता अजून असेल, त्याला निदान दार माहीत असतं.

म्हणजे पत्ता बदलतो तेव्हा विसरभोळा जिंकतो आणि पत्ता सांगणारा पडतो तेव्हा आठवणारा जिंकतो. उद्या यातलं काय होणार, हे कोणाला आधी कळत नाही. त्यामुळे "बरोबर आकडा किती?" हा प्रश्नच अपुरा आहे असं माझं मत झालंय. खरा प्रश्न दोन आकड्यांचा आहे. परत कधी विचारायचं? आणि विचारूनही उत्तर आलं नाही तर जुन्यावर किती वेळ भागवायचं?

हा विचार नवीन नाही. मार्च २०२० मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने यावर रीतसर दस्तऐवज काढला. त्याचा अर्थ असा की नवं उत्तर मिळवता येत नसेल, तर मुदत संपलेलं जुनं उत्तर काही काळ द्यायला हरकत नाही. जावा २१ मध्ये, २०२३ साली, अशीच वेगळी सेटिंग आली. तिच्यात तुम्ही लिहू शकता, दर ३० सेकंदांनी नवा पत्ता विचार, पण नाहीच मिळाला तर जुना अजून इतके सेकंद वापर. मामाचा नंबर दर महिन्याला खात्री करून घे, पण चौकशीचा फोनच लागला नाही तर आहे तो नंबर खोडू नकोस, इतकी साधी गोष्ट.

फक्त ही सोय आपोआप चालू नसते. कोणीतरी बसून ती ओळ लिहावी लागते.

हा रामबाण आहे असंही नाही. २० ऑक्टोबरला पत्ता सांगणारा गप्प नव्हता, तो "माझ्याकडे काही नाही" असं रिकामं उत्तर देत होता. मधल्या डीएनएस सर्व्हरला हे नीट आलेलं उत्तर वाटतं. तो तेच साठवतो आणि तेच पुढे देतो. साखळीतल्या एकाने शहाणपणा केला म्हणून सगळी साखळी शहाणी होत नाही.

हे माझ्या कामाचं आहे का?

तुम्ही कोड लिहित असाल, किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जावा वापरत असाल, तर तीन गोष्टी करा. एक, सेटिंग लिहून थांबू नका, ती लागू झाली का ते बघा. टेस्ट मशीनवर पत्ता बदला आणि घड्याळ लावून मोजा की प्रोग्राम नव्या पत्त्यावर किती सेकंदांत जातो. दोन, आधीच उघडून ठेवलेली डेटाबेसची कनेक्शन जुन्याच पत्त्यावर राहतात, टीटीएल कितीही छोटा असला तरी. त्यांनाही आयुष्याची मर्यादा द्या. तीन, पत्ता बदलल्यावर जुनं मशीन लगेच बंद करू नका. आम्ही त्या रात्री ते अर्धा तास जरी चालू ठेवलं असतं आणि त्याच्यावर कोण कोण अजून येतंय हे बघितलं असतं, तर अडकलेले दोन सर्व्हर आम्हाला मुलांच्या आधी दिसले असते.

आणि फक्त फोन वापरत असाल, तर पुढच्या वेळी ॲप बंद पडल्यावर हे करा.

ॲप अनइन्स्टॉल करू नका, डेटा पुसू नका. बिघाड तिकडे असेल तर त्याने काही सुधारत नाही. उलट लॉगिनचा सर्व्हरही बंद असेल तर तुम्ही बाहेर राहता आणि बॅकअप नसलेलं जातं ते वेगळंच. भावाचं तेच झालं.

बाकी सगळ्यांचं चालू झालंय आणि तुमचंच नाही, असं असेल तर मात्र जुनी साठवण हे कारण असू शकतं. विमान मोड लावून काढा, किंवा वायफाय सोडून मोबाइल डेटावर या. नेटवर्क बदललं की फोन सहसा पत्ते नव्याने विचारतो. वायफायवरच अडकत असेल तर राउटर बंद करून चालू करा. एवढं करूनही नाही झालं तर थांबा. आता चेंडू त्यांच्या कोर्टात आहे.

आणि अशा वेळी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका. ॲप बंद असताना वैतागलेली माणसं सहज फसतात, हे भामट्यांना चांगलं ठाऊक असतं.

शेवटी

२० ऑक्टोबरनंतर बरीच चर्चा झाली की सगळं जग एका कंपनीच्या एका केंद्रावर कसं अवलंबून आहे. ती चर्चा योग्यच आहे. पण ते बदलायला सरकारं, पैसा, वर्षं लागतील. पत्ता किती वेळ धरायचा ही ओळ तपासायला एक दुपार पुरते. फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आधीची एक दुपार.

संध्याकाळी फराळाला भाऊ घरी आला तेव्हा मी त्याला हे सगळं समजावलं. चकली खात शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे दादा, दुरुस्त झालं असं त्यांनी सांगितलं, पण जुनं विसरायला सगळ्यांना सांगितलंच नाही." मी म्हटलं, अगदी बरोबर. तसं सांगायची सोयच नाही रे. म्हणून तर किती वेळ लक्षात ठेवायचं, ते आधीच नीट ठरवून ठेवावं लागतं.